सात फूट रुंदीच्या घरांत सात दिवस

आमचे चिरंजीव गेलीं अठरा वर्षें विलायतेंत आहेत, ही गोष्ट या पानाच्या नेहमींच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. त्याविषयींची आमची कुरकूर त्यांनीं एकदोनदां सोसलेली आहे. सन २०२४ च्या जून महिन्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. आतां राजवाडे, पुतळे आणि पदार्थसंग्रहालयें पाहावीं लागणार, या तयारीनें आम्हीं चांगल्या वहाणा विकत घेतल्या होत्या. परंतु पोंचल्याच्या दुसऱ्याच दिवशीं सूनबाई म्हणाली, "अण्णा, यंदा आपण सर्वांनीं सात दिवस नावेंत राहायचें ठरविलें आहे. ऑक्सफर्डच्या कालव्यावर."

'ऑक्सफर्ड' हा शब्द तिनें शेवटीं ठेविला तो हेतुपुरस्सर, हें आम्हांस उशिरां कळलें. ज्या गांवीं मोक्षमूलरांनीं सायणभाष्यासह ऋग्वेद छापविला तें गांव एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही आमची इच्छा घरांत सर्वांस ठाऊक आहे. त्या गांवास पाण्यावरून जावयाचें म्हटल्यावर आम्ही अर्थातच कबूल झालों.

येथें एक खुलासा केला पाहिजे. नवीन शुद्धलेखनानें 'नांव' या शब्दावरील अनुस्वार गेल्यापासून माणसाचें नांव आणि पाण्यांतली नाव यांत दिसावयास फरक उरलेला नाहीं. आमच्या वडिलांनीं शिकविलेला अनुस्वार आम्हीं अद्याप सोडलेला नाहीं (संपादक तो चालवून घेतात, हा त्यांचा मोठेपणा). तेव्हां पुढें जेथें जेथें 'नाव' येईल तेथें ती पाण्यांतलीच समजावी.

ही नाव म्हणजे कोंकणांतलें गलबत नव्हे, कीं काश्मिरांतली हाऊसबोट नव्हे. लांबी साठ फूट. रुंदी सहा फूट दहा इंच. भुसावळच्या यार्डांत उभा असलेला रेल्वेचा डबाही हिच्याहून बराच रुंद. पुढच्या टोंकास उघड्यावर बसण्यास दोन फळ्या, मग बैठक (रात्रीं तिचाच बिछाना होतो), मग स्वयंपाकाचा ओटा, मग न्हाणी, मग निजावयाच्या दोन चिमुकल्या खोल्या, आणि अगदीं मागें यंत्र व सुकाणूचा दांडा, असें सर्व एकामागून एक ओंवलेलें. एकास पुढें जावयाचें असेल तर दुसऱ्यानें भिंतीस पाठ लावून उभें राहावें लागतें. आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, अकरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू, असे सहा जण त्यांत सात दिवस राहिलों. आमच्या यावलच्या घरांत याच्या दुपटीहून अधिक माणसें आहेत; परंतु तेथें ओटी आहे, माडी आहे, परसूं आहे, आणि कोणास राग आला तर रुसून बसण्यास प्रत्येकाची ठरलेली जागा आहे. नावेंत रुसावयाचें म्हटलें तरी जागा नाहीं. हें आम्ही थट्टेनें लिहीत नाहीं.

कारण चिरंजीवांशीं बोलावयाची एक गोष्ट आम्ही यावलहून गांठीस बांधून नेली होती, आणि तीही अक्षरशः. आमच्या जानव्यास एक किल्ली होती. माडीवरची पश्चिमेकडील खोली चिरंजीवांची. ते विलायतेस गेले त्या दिवसापासून आम्हीं ती कुलूप लावून ठेविली होती. आंत त्यांचीं पुस्तकें, टेबल आणि एक सायकल. खालीं धाकट्या बंधूंचा संसार वाढला. दोन पुतणे, दोन सुना, नातवंडें. पावसाळ्यांत मागचें धाबें गळतें. बंधूंनीं त्या वैशाखांत भीत भीत विचारलें, "दादा, माडीवरची ती खोली धाकट्याला दिली तर?" आम्हीं उत्तर दिलें कीं, चिरंजीवास विचारून सांगतों. खरें पाहतां विचारावयाचें कांहींच नव्हतें. 'मी परत येणार आहें, खोली असूं द्या' एवढें त्यांच्या तोंडून ऐकावयाचें होतें.

आम्ही निघालों नॅप्टन या खेड्याजवळून. नाव भाड्यानें देणाऱ्या गृहस्थानें तासभर यंत्र, पाण्याची टांकी, दिवे वगैरे समजावून दिलें आणि दोर सोडून दिला. ती हांकण्यास परवाना लागत नाहीं, हें ऐकून आमच्या कुटुंबानें तेथेंच रामरक्षा म्हणावयास आरंभ केला. परंतु कालव्यावर ताशीं चार मैलांहून अधिक वेग ठेवूंच देत नाहींत. कांठच्या पायवाटेनें कुत्र्यास फिरवावयास निघालेली एक वृद्ध बाई पहिल्या दिवशीं आमच्या पुढें होती. ती दुपारपर्यंत पुढेंच राहिली.

हा कालवा नदीसारखाच वळणें घेत जातो. नॅप्टनच्या टेंकडीवर एक जुनी पवनचक्की आहे. ती आम्हांस आधीं डावीकडे, मग समोर, मग पाठीमागें, अशी फिरून फिरून दिसत राहिली. पुढें अकरा मैलांचा जो माथ्यावरचा सपाट टप्पा आहे, तो सरळ रेषेनें मोजला तर जेमतेम निम्मा भरेल. याचें कारण कालव्याच्या कर्त्यांत आहे. जेम्स ब्रिंडली हा मुळांत गिरण्यांचीं चक्रें बसविणारा कारागीर. लिहितां-वाचतां त्यास जेमतेमच येत असे. ब्रिजवॉटरच्या ड्यूकाच्या खाणींतला कोळसा मँचेस्टर शहरास नेणारा कालवा त्यानें सन १७६१ मध्यें वाहता केला, आणि त्या शहरांतला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्यानंतर देशभर कालव्यांचें वेडच पसरलें. डोंगर फोडण्यापेक्षां डोंगरास वळसा घालावा, पातळी सोडूं नये, हा ब्रिंडलीचा बाणा; म्हणून हीं वळणें. तळाशीं पाणी जिरूं नये म्हणून चिकणमाती पाण्यांत कालवून, तुडवून तुडवून तिचा थर देत. तें काम गुरांच्या पायांकडूनही करून घेत. धाब्याच्या मातीचा गारा तुडवितांना ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ही युक्ति परकी वाटणार नाहीं. सात फूट रुंदीचें मापही ब्रिंडलीच्याच कालव्यांवर रूढ झालें. रुंदी कमी, तितकें खोदकाम कमी आणि पाणीही कमी. रस्त्यावर जो घोडा एक-दोन टन ओढतांना घामाघूम व्हावा, तोच कांठावरून चालत पंचवीस टनांची नाव ओढून नेई. ऑक्सफर्डचा कालवा पुरा होण्यापूर्वींच, सन १७७२ मध्यें, ब्रिंडली वारला. कोळशाच्या पहिल्या नावा त्या गांवीं पोंचल्या त्या १ जानेवारी १७९० रोजीं.

आतां कालव्यास डोंगर चढावयाचा तर पायऱ्या लागतात. त्या पायरीस तिकडे लॉक म्हणतात. नातीनें त्याचें मराठी केलें तें सरळ 'कुलूप'. "आजोबा, पुढें कुलूप आहे!" असें ती ओरडली, तेव्हां आम्ही जरासे दचकलोंच. हें कुलूप म्हणजे विटांच्या वा दगडी भिंतींची सुमारें सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद अशी खोल कुंडी. पुढें व मागें जाड लांकडी दारें. चढावयाचें असेल तर नाव खालच्या अंगानें आंत घ्यावी, मागचें दार लावावें, आणि पुढच्या झडपा हातदांड्यानें फिरवून उचलाव्या. वरचें पाणी कुंडींत उतरतें, नाव बसल्या जागीं वर येते, आणि दोन्हीकडची पातळी एक झाली कीं दार नुसत्या कंबरेच्या रेट्यानें उघडतें. पातळी एक होण्यापूर्वीं दहा माणसांनीं जोर केला तरी तें हलावयाचें नाहीं. उतरतांना हाच क्रम उलट. वीज नाहीं, पंप नाहीं. अडीचशें वर्षांपूर्वीं जें चाले तेंच आजही चालतें. नॅप्टनचीं नऊ कुलपें चढतां चढतां आमचे गुडघे बोलूं लागले, पण विद्या हस्तगत झाली, अशी निदान आमची समजूत झाली.

त्या रात्रीं आम्हीं वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला. कुंडीची लांबी गुणिलें रुंदी गुणिलें सुमारें सात फूट उंची. एकदां कुंडी भरून रिकामी झाली कीं जवळजवळ एक लाख लिटर पाणी वरच्या अंगाचें खालच्या अंगास जातें. आमच्या खानदेशांत टंचाईच्या गांवीं दहा हजार लिटरचा टँकर आला कीं हंडे-कळशा घेऊन बायकामुलें धांवत सुटतात. येथें एका नावेच्या एका पायरीस असे दहा टँकर! जेवणांत आमचें लक्ष लागेना. चिरंजीवांनीं समजूत घातली कीं, माथ्यावर पाणी पुरावें म्हणून बॉडिंग्टन, वर्मलेटन वगैरे ठिकाणीं मुद्दाम तलाव बांधलेले आहेत, आणि हें पाणी खालच्या टप्प्यांस उपयोगीं पडतच जातें. तें खरें, परंतु तेथील पाणीही अक्षय्य नाहीं. पुढच्याच वर्षीं, सन २०२५ च्या उन्हाळ्यांत, अवर्षणामुळें तिकडचे कित्येक कालवे नावांस बंद ठेवावे लागले.

म्हणूनच त्या लोकांत कुलपाची एक रीत आहे, आणि ती आम्हांस फार आवडली. आपण खालून आलों आणि कुंडी वरपर्यंत भरलेली आहे. समोरून, वरच्या अंगानें, दुसरी नाव येतांना दिसते आहे. अशा वेळीं आपण आधीं पोंचलों तरी थांबावयाचें. कारण आपण कुंडी रिकामी केली तर तेवढें पाणी फुकट गेलें. समोरच्यास आधीं उतरूं दिलें तर त्याच पाण्यांत दोघांचें काम होतें. तेथें चौकीदार नाहीं, दंड नाहीं; दोन नावांवरचीं अनोळखी माणसें हात वर करून एकमेकांस खूण करितात एवढेंच. आम्हांस आमच्या धुळें जिल्ह्यांतील पांझरेची आठवण झाली. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर बंधारे बांधून, त्यांतून पाट काढून, कित्येक शतकें जी फडपद्धति चालत आली, तिच्यांतही हीच जाण होती. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पाटकरी ज्याच्या त्याच्या शेतांत बारीनें पाणी सोडील तेंच प्रमाण मानावयाचें, जागल्यानें पिकावर नजर ठेवावयाची. सरकार कोणाचेंही असो, पाण्याचा कारभार गांवाचा. आतां आमच्या यावल-रावेरकडे केळीच्या पट्ट्यांत ज्याची त्याची कूपनलिका; ज्याची जितकी खोल तितकें त्याचें पाणी. जमिनीखालच्या पाण्याची बारी कोण धरणार? पातळी खालीं खालीं जात आहे, आणि आम्ही शेजाऱ्यास हात वर करून खूण करण्याऐवजीं आणखी शंभर फूट खालीं जातों. असो, हा विषय निघाला कीं आमच्या घरींही आम्हांस गप्प बसवितात.

नावेंतला संसार मजेचा होता. कुटुंबानें यावलहून कळण्याचें पीठ नेलें होतें; गॅसच्या दोन शेगड्यांवर भाकरी, पिठलें आणि भरीत झालें. भरिताचीं वांगीं मात्र तिकडचीं. तीं दिसावयास जांभळीं, पण चवीला जळगांवच्या वांग्यांच्या दारांत उभीं राहण्यासारखीं नव्हेत. सोंवळें-ओंवळें पहिल्या दिवशींच पाण्यांत सोडावें लागलें. पाण्याची टांकी ठराविक ठिकाणीं थांबून भरावयाची. आणि शौचकुपाची खालची पेटी दर दोन दिवसांनीं काढून, कांठावर त्यासाठीं केलेल्या जागीं नेऊन, रिकामी करून, धुवून आणावयाची. तें काम चिरंजीव करीत. शेंकडों माणसें ज्यांच्या हाताखालीं आहेत ते आमचे इंजिनियर चिरंजीव ती पेटी घेऊन शीळ घालीत चालले आहेत, असें पाहून त्यांच्या मातोश्रींनीं तोंड खिडकीकडे फिरविलें. आम्हीं फिरविलें नाहीं. या मुलास यावलच्या घरीं आम्हीं स्वतःचें ताटही कधीं उचलूं दिलें नव्हतें.

मागच्या टोंकास जी खोली आज हौशी माणसांचें सामान ठेवावयास येते, त्या आठ-दहा फुटांत पूर्वीं नावाड्याचा अख्खा संसार असे. रेल्वे आली, भाडें पडलें, कांठावरचें घर परवडेनासें झालें, तेव्हां बायकामुलांसह कुटुंबेंच्या कुटुंबें नावेंत राहावयास आलीं. नवरा घोड्यापाशीं, बायको सुकाणूपाशीं, पोरें छपरावर. नाव एका गांवीं दोन दिवस थांबत नसे, त्यामुळें मुलांस शाळा ठाऊक नाहीं. या मुलांसाठीं जॉर्ज स्मिथ नांवाच्या एका गृहस्थानें रान उठविलें, आणि सन १८७७ मध्यें नावांची नोंदणी व मुलांचें शिक्षण यांविषयीं कायदा झाला. कायदा झाला म्हणून शाळा झाली असें नव्हे. नाव पुढें गेली कीं पाटी मागें राही. आम्हीं जन्मभर हजेरीपट भरले आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेल्या घरांतल्या मुलांच्या नांवांपुढें चैत्रापर्यंत एकसारखीं गैरहजेरीचीं चिन्हें काढावीं लागत, तीं आमच्या डोळ्यांसमोर उभीं राहिलीं. साखरशाळा निघाल्या हें चांगलें झालें. परंतु बैलगाडींत बसून गेलेलें मूल पुन्हां त्याच बाकावर येऊन बसलें, असें आम्हीं फार थोडे वेळां पाहिलें.

हे कालवे कसे वांचले ती हकीकतही ऐकण्यासारखी आहे. सन १९३९ मध्यें एल. टी. सी. रोल्ट नांवाचा एक तरुण इंजिनियर याच कालव्यावरच्या बॅनबरी गांवीं 'क्रेसी' नांवाची जुनी नाव दुरुस्त करून पत्नीसह तिच्यांत राहावयास गेला. त्यानें लिहिलेलें प्रवासाचें पुस्तक सन १९४४ मध्यें निघालें. तें वाचून लोक हळहळले, आणि १९४६ मध्यें जलमार्गांसाठीं एक संस्थाच उभी राहिली. पुढें १९४८ मध्यें बहुतेक कालवे सरकारजमा झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यांत पाणी महिनोन्‌महिने गोठून बसलें आणि माल नेण्याचा जो थोडाफार धंदा उरला होता तोही गेला. परंतु तोंवर हौशी मंडळींनीं सुटीच्या दिवशीं फावडीं घेऊन गाळ उपसावयास सुरुवात केलेली होती. आज सुमारें दोन हजार मैलांचे जलमार्ग सन २०१२ पासून एका विश्वस्त संस्थेकडे आहेत, आणि त्यांवर कोळसा नव्हे तर आमच्यासारखे आजोबा वाहून नेले जातात.

आतां ज्यासाठीं हें सर्व लिहावयास घेतलें तो प्रसंग. तिसऱ्या दिवशीं क्लेडन येथें माथ्यावरून उतरण लागली. तेथें पांच कुलपें आहेत. चिरंजीव सुकाणूवर, सूनबाई व नात खालच्या दारापाशीं झडपांवर, कुटुंब आंत भाकरी करीत. नावेच्या मध्यावरची दोरी आमच्याकडे दिलेली होती. सूनबाईनें बजावून सांगितलें होतें, "अण्णा, खुंट्याला एक वेढा द्या आणि टोंक हातांत धरा. गांठ मारूं नका." आतां, आम्हीं लहानपणापासून गुरांचीं दावीं बांधलीं, गांठ कशी मारावी हें आम्हांस कालच्या मुलीनें शिकवावें, हें मनास थोडें लागलें. शिवाय डोक्यांत ती किल्ली घोळत होतीच. आज संध्याकाळीं चिरंजीवांपाशीं विषय काढावयाचा, तो कोणत्या शब्दांनीं, याची जुळवाजुळव चालली होती. आम्हीं दोरी खुंट्यास पक्की बांधिली, आणि हात पाठीमागें घेऊन शेतांतलीं मेंढरें पाहत उभे राहिलों.

झडपा उचलल्या. पाणी झपाट्यानें उतरूं लागलें. नाव उतरली, दोरी ताणली गेली, आणि पाणी खालीं जात असतां नाव मात्र एका अंगानें आमच्या गांठीस लटकून राहिली. क्षणांत ती दुसऱ्या बाजूस कलली. आंतून भांड्यांचा खणखणाट आणि कुटुंबाची किंकाळी ऐकूं आली. आम्ही गांठीकडे धांवलों. परंतु कित्येक टनांचा भार जिच्यावर आला आहे ती गांठ नखांनीं सुटते काय? चिरंजीव मागून ओरडले. त्या ओरडण्यांत 'अण्णा' नव्हतें. नुसता आवाज होता. सूनबाईनें मात्र तोंडांतून शब्द न काढतां दोन्ही झडपा खाडकन्‌ खालीं सोडल्या, पाणी थांबविलें, कांठानें धांवत वरच्या दारापाशीं गेली, आणि तिकडची झडप बेताबेतानें उचलून कुंडी पुन्हां भरूं लागली. नाव हळूहळू सरळ झाली, दोरी सैल पडली, आणि आमची ती पक्की गांठ आपोआप हातांत आली. नाव आणखी थोडी कलली असती तर पाणी आंत शिरून ती बुडाली असती, आणि कुटुंब आंतच होतें. तिच्या कपाळास फळीचा कोंपरा लागून टेंगूळ आलें होतें; पिठाचा डबा उपडा होऊन सर्वांगास कळण्याचें पीठ. ती बाहेर आली, सर्वांकडे पाहिलें, आणि म्हणाली, "गांठ कोणाची होती तें विचारायला नको."

कोणी आम्हांस एक शब्द बोललें नाहीं. बोललें असतें तर बरें झालें असतें. आम्हीं बसावयास कोपरा शोधला, पण वर सांगितल्याप्रमाणें त्या घरांत कोपरा नाहीं. नातू येऊन आमच्या मांडीवर बसला आणि आतां पुन्हां असें करून दाखवा म्हणाला. पांच टँकर पाणी फुकट गेलें, हेंही मनांतून जाईना. त्या रात्रीं क्रॉप्रेडीस नाव बांधली तेव्हां आम्हीं विषय काढला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुकाणू सूनबाईनें घेतलें. आमच्या गांवीं महर्षि व्यासांचें मंदिर आहे, आणि व्यासांची माता नाव चालवीत असे हें यावलच्या लहान मुलासही ठाऊक असतें. तेव्हां टेंगळास हळद लावून बसलेल्या सासूनें सुनेचें नांव 'मत्स्यगंधा' ठेविलें, तें अद्याप चालू आहे. पुढचें कुलूप तयार ठेवण्यासाठीं चिरंजीव आणि आम्ही पायवाटेनें पुढें निघालों. आम्हीं सांगितलें कीं, कालची चूक सर्वस्वीं आमची. ते म्हणाले, "तें जाऊं द्या अण्णा." मग बरेंच अंतर चालल्यावर म्हणाले, "काकांचा फोन मलाही आला होता. वैशाखांतच. मी त्यांना सांगितलें कीं अण्णा स्वतः बोलतील तेव्हां बोलूं."

आम्हीं किल्लीवर हात ठेविला. तो तसा आपोआप जातो.

"ती खोली धाकट्याला द्या," चिरंजीव म्हणाले. "सायकल त्याच्या मुलाला द्या. मी येत जाईन. पण राहावयास येईन असें मी कधीं म्हटलें होतें का?"

आम्हीं आठवून पाहिलें. अठरा वर्षांचीं पत्रें, फोन, दिवाळीचीं बोलणीं. म्हटलें नव्हतें. तें वाक्य आम्हींच त्यांच्या वतीनें दरवर्षीं ओटीवर बसून म्हणत आलों होतों. पुढें कुलूप दिसूं लागलें होतें आणि तें रिकामें होतें. तें भरण्यास पंधरा मिनिटें लागलीं, तेवढ्यांत दोघेही कांहीं बोललों नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "रागावलांत?" आम्हीं सांगितलें कीं, रागावलों आहों, पण झडप आधीं उचल, नाव येत आहे.

ऑक्सफर्डपर्यंत नाव गेली नाहीं. आमच्या गांठीपायीं अर्धा दिवस गेला होता, आणि साठ फुटांची नाव सात फुटांच्या युक्तीनें कोठेंही वळत नाहीं. ती वळविण्यास कालव्याच्या कांठांत मुद्दाम खोबणी केलेल्या असतात, त्यांतच फिरवावी लागते. हेफर्ड येथून परतणें भाग होतें. आम्हीं मनाची तयारी केली. परंतु हेफर्डचें रेल्वेस्टेशन कालव्यास अगदीं लागून आहे. नावेनें जेथें दिवस लागला असता तेथें आगगाडीनें आम्ही सुमारें पाव तासांत पोंचलों. कालवे कशामुळें बुडाले हें पुस्तकांत वाचण्याची मग गरज राहिली नाहीं. आम्ही भुसावळच्या शेजारचे. रेल्वेविरुद्ध बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. सर आर्थर कॉटन यांनीं गोदावरीच्या मुखाकडे नावांचे कालवे बांधले आणि हिंदुस्थानास रेल्वेपेक्षां हेच अधिक हवेत असें ते सांगत राहिले. त्यांचें ऐकलें असतें तर भुसावळ आज एक खेडेंच असतें.

होलीवेलच्या जुन्या स्मशानभूमींत गवतांतून शोधीत शोधीत आम्ही मोक्षमूलरांच्या समाधीपाशीं गेलों. ऋग्वेदाचे सहा खंड १८४९ ते १८७४ अशा पंचवीस वर्षांत काढणारा हा जर्मन माणूस. ऑक्सफर्ड या नांवांतला बैल आणि उतार ओळखून त्यानें ग्रंथावर गांवाचें नांव 'गोतीर्थ' असें घातलें. संस्कृताच्या प्राध्यापकाच्या जागेसाठीं १८६० मध्यें तेथें चक्क मतदान झालें. त्यांत मोनियर विल्यम्स निवडून आले आणि हे पडले. विल्यम्सांचा कोश आमच्या टेबलावर असतो, म्हणून त्यांच्याविरुद्धही कांहीं बोलवत नाहीं. नातीनें विचारलें, "आजोबा, हे यावलला आले होते का?" आम्हीं सांगितलें कीं, यावलला काय, हिंदुस्थानांतही ते एकदांही आले नाहींत. तिला तें फारसें विचित्र वाटलें नाहीं.

संध्याकाळीं हेफर्डहून बंधूंस फोन लाविला. यावलला रात्र झाली होती. खोली उघडा, म्हणून सांगितलें. बंधू म्हणाले, "दादा, किल्ली तुमच्यापाशीं आहे. तुम्ही येईपर्यंत थांबूं कीं." आम्हीं म्हटलें कीं, मृग लागला आहे, धाबें थांबणार नाहीं, कुलूप फोडा. पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग वहिनींचा आवाज आला कीं पुस्तकें कोरड्या जागीं ठेवूं, काळजी नसावी. किल्ली अद्याप जानव्यास आहे. तिला आतां कुलूप नाहीं.

परतीस क्लेडनचीं तीं पांच कुलपें चढतांना सूनबाईनें दोरी पुन्हां आमच्याच हातीं दिली. एक वेढा, आणि टोंक हातांत. कुटुंबानें मात्र पांचही वेळां नावेंतून उतरून कांठावर उभें राहणें पसंत केलें.